उटीचं झाड आणि दसऱ्याची कात्री

मंडी मोहल्ला, म्हैसूर
१५ जानेवारी १९६८

सौ. इंदिरेस,

आशीर्वाद लिहावा की नुसतं नाव घालून सुरुवात करावी, या विचारात चार दिवस गेले. मी तुझी थोरली जाऊ आहे, तेव्हा आशीर्वाद लिहायचा मला हक्क आहे असं धरून चालते. तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. नवरात्राच्या आठ दिवस आधी धुण्याच्या दगडाशी पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. दोन महिने हात प्लास्टरमध्ये होता. आता बरा आहे, पण पेन धरलं की कुरकुर करतो. इतक्या वर्षांनी पत्र आणि तेही असं कोंबडीच्या पायांचं, म्हणून रागावू नकोस.

लिहिण्याचं कारण, उटीच्या झाडाला कळ्या आल्या आहेत. तू नवी नवरी म्हणून कुन्नूरहून आलीस तेव्हा डालड्याच्या डब्यातून मांडीवर घेऊन आलेलं रोप. त्याचं ऱ्होडोडेंड्रॉन हे नाव तू मला शंभरदा शिकवलंस आणि मी शंभरदा निम्म्यात अडकले. शेवटी घरात सगळे उटीचं झाडच म्हणायला लागले. चोवीस वर्षांत त्याला फूल म्हणून आलं नाही. आणि आज सकाळी बघते तर फांद्यांच्या टोकांना सात कळ्या, चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड, आणि त्यांच्या चिरांतून लाल दिसतंय.

यंदा थंडीनं म्हैसूरची खोड मोडली बघ. देवराज मोहल्ल्यातले शिंपी दुकानाची अर्धी फळी लावून, डोक्याला मफलर गुंडाळून मशीन चालवतात. मल्लिगेचा गजरा म्हणून डोळ्यांना दिसत नाही. बन्नूरची भाजीवाली सांगत होती, तिकडे भाताची रोपं पिवळी पडली. माझे गुलाबही रुसून बसलेत. आणि हे तुझं झाड एवढं खूश! पानं थंडीनं विडीसारखी गुंडाळून घेतलीत, पण कळ्या मात्र फुगताहेत. त्याला माहेरची हवा मिळाली असं मी म्हणते.

तुमच्याकडे ते शिवरात्रीच्या सुमारास फुलतं असं तू सांगायचीस. हे त्याआधीच फुलणार. उमललं की दोन-तीन आठवडे राहतं, हेही तूच सांगितलेलं. म्हणून घाईनं लिहिते. सकाळची बस धरलीस तर जेवायच्या वेळेला घरी येशील. ये आणि बघून जा. तू बघायला हवंस असं मला फार वाटतं.

मागचं जे काही झालं त्याला अकरा वर्षं होऊन गेली. बोलताना माणसाच्या तोंडून कमी-जास्त जातं. ते तेवढ्यावर सोडावं असं मला वाटतं.

सोबतच्या पुडीत संक्रांतीचा तिळगूळ, आपलं एळ्ळु-बेल्ल घातलंय. खोबरं डाव्या हातानं चिरलंय, तुकडे मोठे झालेत. या सणाला जे बोलायचं असतं ते लिहीत नाही. माझ्या तोंडी ते वाक्य वाचून तू हसशील.

भावोजींना आशीर्वाद सांग.

भागीरथी

१ फेब्रुवारी १९६८

इंदिरा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं स्वतःला सांगून बघितलं, पण कुन्नूरला पोस्टमन असतो हे मला ठाऊक आहे.

तरी लिहिते, कारण परवा पहिली कळी उमलली. मला वाटलं होतं, एका कळीचं एक फूल. छे! एका कळीतून पंधरा फुलं निघाली. लाल, पण कुंकवाचा लाल नव्हे, त्याहून खोल. मी तिथेच स्टूल टाकून बसले आणि आमटी करपली. तू हे लहानपणापासून बघितलेलं, तुला त्याचं काय! मला मात्र साठीला टेकल्यावर नवं काही बघायला मिळालं.

शेजारी तिरुमलराव मास्तर राहायला आलेत. त्यांची बायको नागरत्ना, तू गेल्यानंतरची, म्हणून तुला ठाऊक नाही. तिनं कुंपणावरून बघितलं आणि ओरडलीच.

"अय्यो अक्का, इल्लि नोडि, इकडे बघा! हे काय हो, पूर्ती केंपु, लालच लाल! एक पान दिसत नाही की!"

मग चप्पल न घालताच आत आली. चारी बाजूंनी बघून झाल्यावर म्हणाली, "कुणाचं हो हे झाड? तुमचंच ना, अल्वा?"

"माझ्या जावेचं."

"मग त्या कुठे?"

"लांब असते."

"लांब म्हणजे कुठं? लंडनात काय?"

"कुन्नूर."

"अक्का!" ती म्हणाली. "कुन्नूर लांब काय? माझी वन्से सकाळी बसते, दुपारी तिथं जेवते की! त्यांना बोलवा म्हणते मी. सुम्ने, नुसतं एक कार्ड टाका."

मी म्हटलं, टाकलंय. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. पोर चलाख आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळचा कॉफीचा चोथा मी या झाडाच्या मुळाशी घालते. तू घालायचीस म्हणून. एक दिवस चुकवलेला नाही. हात मोडला तेव्हा डाव्या हातानं घातला. आमचे हे गेले त्या दिवशीही घातला, लोकांनी काय म्हटलं असेल ते असो. तेव्हा भावोजी एकटेच आले होते. परत निघताना मागच्या अंगणात गेले, त्या झाडाची चार पानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि रिक्षात बसले. तू का आली नाहीस हे मी विचारलं नाही.

सातांतल्या सहा कळ्या अजून मिटलेल्या आहेत. अजून वेळ आहे.

भागीरथी

१० फेब्रुवारी १९६८

इंदिरा,

कार्ड मिळालं. खोटं बोलत नाही, आधी मला राग आला. अकरा वर्षांनी चार शब्द. वर नमस्कार नाही, खाली सही नाही.

'यंदा कात्री कोणी चालवली?'

मला वाटलं, हिनं काय माझी परीक्षा मांडली? मी फुलाचं लिहितेय आणि ही कात्रीचं विचारतेय. कार्ड डब्याखाली सारलं आणि पोळ्या लाटायला बसले. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. मग म्हटलं, परीक्षा तर परीक्षा. पहिल्यापासून नीट उत्तर लिहावं.

तर, आपल्या घराण्यात खंडेनवमीला हत्यार पुजायचं. आजेसासऱ्यांचे आजोबा म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते, तेव्हा ती तलवार असायची. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी चालवलंच पाहिजे, नाहीतर ते वर्षभर रुसतं, असा आपला समज. तलवार मामंजींच्या वडिलांनी देवळाला देऊन टाकली. मग घरात धार असलेलं राहिलं काय, तर बागेची कात्री. तिला हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या प्रत्येक झाडाचा एकेक शेंडा. एकही झाड सोडायचं नाही, दारच्या तुळशीपासून विहिरीजवळच्या कर्दळीपर्यंत. आमच्या ह्यांना बागेचा कंटाळा, म्हणून थोरल्या घरची कात्री माझ्या हातात आली. आणि तुला माहीत आहे, माझ्या हातात काही आलं की मी ते अर्धवट करत नाही. एक शेंडा म्हणजे माझ्यासाठी सगळ्याच फांद्यांचे शेंडे. गुलाबांना ते मानवायचं. दसऱ्याच्या पुष्पप्रदर्शनात माझ्या गुलाबांना तीनदा बक्षीस मिळालं ते काही उगीच नाही.

आता उत्तर. यंदा कात्री कोणीच चालवली नाही. माझा हात प्लास्टरमध्ये होता. कात्रीची पूजा डाव्या हातानं केली, दुसऱ्या दिवशी ती नुसती तुळशीला टेकवली आणि देवाला म्हटलं, एवढंच समजून घे.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवून मागे गेले. उटीच्या झाडाशी वाकून बघितलं. सात कळ्या सात फांद्यांच्या अगदी टोकाला. मधे कुठे नाही, खाली कुठे नाही. कात्री जिथे लागते, तिथेच. मग फांदी हातात धरून खाली खाली बघत गेले. प्रत्येक फांदीला गाठी आहेत, एकाखाली एक. प्रत्येक गाठीवर जुना काप, आणि तिथून बाजूला फुटलेली पुढची फांदी. दर वर्षाचा एक. ते काप माझे आहेत.

म्हणजे हे झाड पावसाळ्यात कळी धरतं आणि दसऱ्यापर्यंत ती टोकाला तयार होऊन बसते. आणि दसऱ्याला मी पूजा करून येते. चोवीस वर्षं कळी काही थंडीची वाट बघत नव्हती, इंदिरा. थंडीनं फार तर यंदा तिला लवकर उमलवली. बाकी सगळं माझंच काम.

आणखी एक लिहायचं होतं, पण हात दुखतो. इथेच थांबते.

भागीरथी

१३ फेब्रुवारी १९६८

इंदिरा,

हात दुखत नव्हता.

मी पहिल्या पत्रात 'मागचं जे काही झालं' आणि 'कमी-जास्त जातं' असं लिहिलं. जे झालं ते मी केलं, आणि जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. माझ्याच हातानं ते एकदा लिहून काढते. म्हातारपणी विसरले असं सांगायची सोय मला ठेवायची नाही.

छप्पन सालचा दसरा. नवं राज्य पुढच्या महिन्यात होणार म्हणून गावात नुसती गडबड होती, सगळा कन्नड मुलुख एक होणार म्हणून. आपल्या अंगणात पंधरा-वीस माणसं. बंगळूरच्या आत्या, ह्यांचे मामा, त्यांच्या सुना. मी कात्री घेऊन पुढे आणि मागून सगळे. मला ते आवडायचं. उटीच्या झाडाशी आले तर तू कुंडीच्या पुढे येऊन उभी राहिलीस. माझा हात धरलास. तू कधी माझा हात धरला नव्हतास.

"अक्का, याला यंदा नको," म्हणालीस. "याच्या शेंड्याला काहीतरी धरलंय."

"कात्री सगळ्यांवर चालते," मी म्हटलं.

"एक वर्ष, अक्का. साकु, तेवढं पुरे. एकच वर्ष सोडा."

सगळे बघत होते. माझा हात धरलेला सगळ्यांना दिसत होता, आणि मला तेवढंच दिसत होतं. मी हात सोडवून घेतला आणि बोलले. "बारा वर्षं झाली घरात येऊन. वांझ झाडाला कसलं जपायचं?"

आणि कापलं.

तुझं लग्न होऊनही बाराच वर्षं झाली होती. ह्यांनी घसा खाकरला. मामांच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. तू खाली वाकलीस, पडलेला शेंडा उचललास, पदरात घेतलास आणि आत गेलीस. मी पुढच्या झाडाकडे गेले. जास्वंदीकडे. हेही मला आठवतं.

मी झाडाबद्दलच बोलले, असं मी ह्यांना त्या रात्री सांगितलं. त्यानंतरही जो कुणी विचारील त्याला सांगितलं, आणि पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. पण ते खरं नाही. शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझे डोळे झाडावर नव्हते, तुझ्यावर होते. तुला लागेल हे मला ठाऊक होतं. लागावं म्हणूनच तो काढला.

आणि कुणाला? माझी दोन्ही पोरं तुझ्या कडेवर वाढली. धाकट्याला गोवर आला तेव्हा सात दिवस तू त्याच्या उशाशी होतीस, मी रडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तो आजही बंगळूरहून आला की काकूचं काही कळलं का म्हणून विचारतो, आणि मी पानात भात वाढते.

दिवाळीनंतर भावोजींनी कुन्नूरच्या चहा कंपनीत नोकरी धरली. निघताना तू पाया पडलीस आणि मी आशीर्वाद दिला. दोघींनी रीत पाळली.

आता मला कळतंय की तू पदरात नेलास तो नुसता शेंडा नव्हता. त्यात कळी होती. तू बघितली होतीस. म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत होतं की झाडात काही खोट नाही, आणि तू मला एका अक्षरानं सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस, हे विचारायचा मला अधिकार नाही. हात धरून सांगितलं होतंस, ते मी कुठे ऐकलं?

इंदिरा, माझं चुकलं. फार चुकलं. झाड कालपासून सगळंच्या सगळं उमललंय. आता तरी ये.

भागीरथी

५ मार्च १९६८

इंदिरा,

तुझं दुसरं कार्ड येऊन बारा दिवस झाले. यात निदान सुरुवातीला 'अक्का' आहे. ते मी दोनदा वाचलं. मग पुढचं वाचलं.

'झाड फुललं नसतं तर तुम्ही लिहिलं असतं का?'

या प्रश्नाला मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात लिहिलं, हो, आज ना उद्या लिहिणारच होते. दुसऱ्यात लिहिलं, मनात रोज पत्र लिहीत होते. तिसऱ्यात कॉफीच्या चोथ्याचं पुन्हा एकदा लिहिलं, जणू अकरा वर्षांचा चोथा तुझ्यापुढे ठेवला की झालं. नागरत्ना आली होती, तिनं चुरगळलेले कागद बघितले.

"अक्का, एवढं काय अवघड लिहिताय? परीक्षेला बसलाय काय?"

"होय," मी म्हटलं. "आणि उत्तर येत नाही."

"येतंय हो. येतंय म्हणूनच फाडताय, अल्वा?"

तर ऐक. नसतं लिहिलं.

फूल आलं नसतं, तर मी यंदाही तुला लिहिलं नसतं, पुढच्या वर्षीही नाही. दर दसऱ्याला कात्री चालवली असती आणि रोज सकाळी चोथा घातला असता आणि तसंच एक दिवस मरून गेले असते. फूल आल्यावर लिहिलं, कारण मला वाटलं, आता सोपं झालं. झाड वांझ नाही हे सिद्ध झालं, म्हणजे माझा शब्द आपोआप मागे गेला. तू ये, फूल बघ, दोघी हसू आणि तो शब्द काढायची वेळच येणार नाही. पहिलं पत्र मी त्यासाठी लिहिलं होतं. तुला ते पहिल्याच पत्रात दिसलं असणार, म्हणून तू कात्रीचं विचारलंस.

आणि आता हेही कळतंय. झाडाला कधीच फूल आलं नसतं तरी तो शब्द तितकाच वाईट होता. झाडाला फूल येवो न येवो, तुझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला. फूल दाखवून तो तुटत नाही, उलट पुन्हा जोडला जातो. बघ ये, झाड वांझ नव्हतं, असं तुला सांगायला मी बोलावत होते. कुणाला सांगत होते! एवढी साधी गोष्ट कळायला मला तुझी दोन कार्डं लागली.

फुलं गेली. परवा शेवटचा झुबका गळाला. पाकळ्या गळताना रंग तसाच असतो, झाडताना जिवावर येतं. मी झाडलं नाही, कुंडीतच राहू दिलं. आता तुला दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून ये असं लिहीत नाही. तुला उत्तर द्यायचं होतं, तेवढं दिलं.

भागीरथी

विजयादशमी, १९६८

इंदिरा,

कार्डावर लिहिते, जागा थोडी आहे. काल कात्री पुजली. आज गुलाबांवर चालवली, जास्वंदीवर चालवली, कर्दळीवर चालवली. उटीच्या झाडाशी गेले नाही. बंगळूरच्या आत्यांनी वरून आवाज दिला, "अगं, ते एक राहिलं!" मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, रीत मोडली. मी म्हटलं, हो, मोडली.

ज्या ठिकाणी तू माझा हात धरला होतास तिथे थोडी उभी राहिले. एवढंच.

भागीरथी

२२ जानेवारी १९६९

इंदिरा,

यंदा थंडी कसली ती नाहीच. संक्रांतीला लोक पंखे लावून बसले होते. देवराज मोहल्ल्यात मल्लिगेचे ढीग, शिंप्यांची दुकानं सताड उघडी. माझे गुलाब खुशीत आहेत.

उटीच्या झाडाला एकही कळी नाही. मी पावसाळ्यापासून रोज बघतेय. प्रत्येक फांदीच्या टोकाला नुसती पानं. कात्री लागलेली नाही, चोथा चुकलेला नाही, पाणी वेळच्या वेळी. तरी नाही. गेल्या वर्षी जीव तोडून फुललं, यंदा दमलं असेल असं तिरुमलराव मास्तर म्हणतात. किंवा थंडी लागत असेल त्याला. किंवा त्याच्या मनात नसेल. मला कारण शोधायचं नाही.

आठ दिवसांपूर्वी नागरत्ना कुंपणावरून म्हणाली, "अक्का, यंदा हू बरलिल्ला की हो." फूल आलं नाही की हो. तिला वाईट वाटलं होतं. मी हो म्हटलं आणि आत आले. आणि स्वयंपाकघरात उभी असताना एकदम ध्यानात आलं, की ज्या वर्षी तुला लिहायला पाहिजे ते हेच वर्ष.

गेल्या वर्षी तू विचारलंस, झाड फुललं नसतं तर लिहिलं असतं का. मी नाही म्हणून सांगितलं आणि ते खरं होतं. आता झाड फुललेलं नाही, आणि मी लिहिते आहे. म्हणजे आधीचं उत्तर खोटं ठरलं असं मी म्हणत नाही. ते गेल्या वर्षीच्या बाईचं उत्तर होतं.

घरात दाखवण्यासारखं काही नाही. मागचं अंगण तसंच, विहिरीचा रहाट कुरकुरतो, माझं मनगट पावसाळ्यात दुखतं. तुझी खोली बंद असते, पण मी ती दर शनिवारी झाडते. हे कौतुक म्हणून सांगत नाही. आलीस तर धूळ नसेल, एवढ्यासाठी सांगते. दोन दिवस राहा, दोन तास राहा. यायचं मनात नसेल तर येऊ नकोस, मी परत विचारीन. पुढच्या वर्षी फूल आलं तरी विचारीन आणि नाही आलं तरी विचारीन.

तू समोर असावीस असं मला वाटतं. तुझी आठवण येते. हे वाक्य मी बारा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही, चोथा घालताना झाडालाही नाही.

तुझी अक्का

कुन्नूर
२८ जानेवारी १९६९

ती. अक्का,

येत्या गुरुवारच्या सकाळच्या बसनं मी आणि हे निघतोय.

झाडासाठी नाही.

इंदिरा